एका भिंतीच्या दोन तोट्या

कोल्हापुरात कुणालाही सांगून बघा, की देवाला चालत गेलो होतो आणि वाटेत रोज जेवताना वाइन घेतली. समोरचा आधी दचकतो, मग विचारतो, "कुठल्या देवाला?" स्पेनचं नाव काढलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. आपला देव नव्हता ना, मग चालतंय. पेठेतल्या कट्ट्यावर एकाने तर तिथल्या तिथं निकाल दिला, "पुण्य पायाला लागलं आसंल, पोटाला न्हाई."

मला हा विषय एवढ्यावर सोडवत नाही. देवाला चालत जाणं आम्हाला काही परकं नाही. माघातल्या पाच रविवारी अख्खं कोल्हापूर जोतिबाच्या खेट्यांना निघतं. पहाटे पंचगंगेवर पाय धुवायचे, वडणगे, निगवे, कुशिरे मागे टाकत गायमुखाची चढण चढायची आणि वर पोचलं की 'चांगभलं' म्हणून गुलाल कपाळाला लावायचा. केदारनाथाला परत निघालेल्या जोतिबाला थांबवायला अंबाबाई अनवाणी चालत गेली, त्याची ही आठवण, असं सांगतात. कॉलेजात असल्यापासून मी ही वाट चालतोय. हिच्यावर जागोजागी कुणीतरी किटली नाहीतर पातेलं घेऊन उभं असतं. चहा, ताक, सरबत, साबुदाण्याची खिचडी. पैसे विचारले तर माणूस रागावतो. वाटसरूला पाजण्यात पुण्य आहे हे कोल्हापूरकराला शिकवायला नको. काय पाजायचं, एवढ्यावरच काय तो मतभेद.

स्पेनमधली वाट म्हणजे कामिनो दे सांतियागो. येशूच्या बारा शिष्यांपैकी एक संत जेम्स, त्याची समाधी सांतियागोच्या कॅथेड्रलात आहे अशी श्रद्धा. तिकडे जाणाऱ्या वाटा पुष्कळ. त्यातली सगळ्यात वर्दळीची फ्रान्सच्या हद्दीपासून पिरेनीज ओलांडून येते आणि साधारण ७८० किलोमीटर चालवते. १९९३ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. वाटभर पिवळे बाण रंगवलेले असतात, लोकांच्या पाठपिशवीला यात्रेची खूण म्हणून शिंपला लटकत असतो. आम्ही पाम्प्लोनापासून चाललो, आणि बुर्गोस ते लेओन हा सपाट, उन्हाचा पट्टा सरळ रेल्वेने उडवला. त्यावरून मला टोमणे मारणारे बहुतेक जण जोतिबाला गाडीने जातात.

आम्ही म्हणजे मी आणि दाजी. दाजी तासगाव तालुक्यातले, द्राक्षबागायतदार, आणि पक्के माळकरी. आषाढीची वारी चुकवत नाहीत. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मांस, मासा, अंडं, दारू सगळं बंद. अशा माणसाला ह्या वाटेवर नेणं म्हणजे त्याची परीक्षाच, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. दाजींनी व्हिसाच्या कागदांवर सह्या करताना एवढंच विचारलं, "चालायचंच हाय न्हवं? मग झालं." सोबत अक्कानं कांदा-लसूण चटणीची पिशवी दिली. तिच्या जोरावर त्या माणसाने पावाला ऑलिव्ह तेल लावून अर्धा स्पेन पार केला. तिकडे साध्या सॅलडवरसुद्धा टूना मासा पसरलेला असतो, आणि तो काढून टाका म्हटलं की वाढणारी बाई तुमच्याकडे काळजीने बघते.

वाइनची गाठ पहिल्याच रात्री पडली. यात्रेकरूंसाठी खानावळीत ठरावीक जेवण असतं, तीन पदार्थ आणि पाव, आणि त्याच पैशात वाइन. मागावी लागत नाही. पाण्याचा तांब्या ठेवावा तशी बाटली टेबलावर येते, बहुधा लेबलसुद्धा नसतं. बसके जाड काचेचे ग्लास. शेजारी अनोळखी माणसं, त्यांच्या पायांना फोड, आपल्याही पायांना फोड. नावारा प्रांतातली ती गार्नाचा द्राक्षाची गुलाबी वाइन, थंड केलेली. पुढे महागातल्याही चाखल्या, पण वीस-पंचवीस किलोमीटर चालून पाय टेबलाखाली सोडल्यावर त्या बिननावाच्या बाटलीने जे सुख दिलं ते दुसऱ्या कशाने दिलं नाही. दाजींच्या वाट्याची वाइन टेबलावरच्या इतरांना जायची, त्यामुळे दाजी सगळीकडे भलतेच लोकप्रिय झाले.

एस्तेया गाव सोडलं की दोन-तीन किलोमीटरवर इराचेचा जुना बेनेडिक्टाइन मठ लागतो. त्याला लागून बोदेगास इराचे ही वायनरी. १९९१ मध्ये त्यांनी रस्त्याकडेच्या भिंतीत दोन तोट्या बसवल्या. एकीतून पाणी येतं, दुसरीतून वाइन. फुकट, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वाटसरूला. शेजारी पाटी आहे: सांतियागोला दमदार पोचायचं असेल तर घोटभर घ्या, बरोबर न्यायची असेल तर विकत घ्या. मुक्कामावरून पहाटे निघालेले लोक तिथं सकाळीसकाळीच पोचतात. मी शिंपल्यात घेतली. लाल, तरुण, थोडी उग्र. चहाच्या वेळेला वाइन पिण्यात जी किंचित चोरटी मजा आहे ती मी नाकारणार नाही. एक जर्मन आजी शिंपला भरून प्यायल्या, क्रूस केला आणि काठी टेकत पुढे गेल्या.

दाजींनी दुसऱ्या तोटीवर बाटली भरली. मग बराच वेळ ते भिंत न्याहाळत उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी अभंग येणार. ते म्हणाले, "फुकाट हाय, तरी ढकलाढकली न्हाई. आपल्याकडं आसती तर तोटीच उपटून न्हेली आसती."

ही उदारता वायनरीच्या जाहिरातीसाठी आहे हे उघड आहे, तिथं कॅमेरासुद्धा लावलाय. पण तिच्या मागे जुनी गोष्ट आहेच. ह्या वाटेची १२व्या शतकातली लॅटिन मार्गदर्शिका उपलब्ध आहे. एस्तेयात पाव चांगला आणि वाइन उत्तम, असं तिच्यात लिहिलंय. आणि त्याच्या थोडं अलीकडे खारी नदी लागते, तिचं पाणी तोंडाला लावू नका, म्हणून बजावलंय. काठावर दोन माणसं सुऱ्यांना धार लावत बसली होती, पाणी प्यालेले आमचे घोडे मेले आणि त्यांनी तिथंच सोलले, असंही तो लेखक सांगतो. तेव्हा पाण्याचा भरवसा नव्हता आणि वाइनचा होता. शिवाय चर्चमधल्या प्रार्थनेला वाइन लागायचीच, म्हणून मठ तिथं द्राक्षमळा आलाच, आणि मठ तिथं वाटसरूची पथारीही आली. आमच्याकडे इंग्रजांच्या काळात पंढरपूरच्या यात्रेत कॉलऱ्याच्या साथी यायच्या, त्याही पाण्यातूनच. त्यावर उत्तर निघालं ते नळाचं आणि लशीचं. वारीच्या वाटेवर कधी कुणी मद्याचं पिंप उघडलं नाही, आणि ते बरंच झालं. ज्या वाटेचं व्रतच वर्ज्य करण्यावर उभं आहे, तिथं घोटभराची सूट मागणं मला चुकीचंच वाटतं.

लोग्रोन्योच्या अलीकडे रियोहा सुरू झाला आणि आमच्या जोडीचा कारभार उलटा झाला. तोवर वाट माझी होती, आता दाजींची झाली. ते चालेनातच. दर बांधावर थांबायचे. त्यांच्या बागेत वेल मांडवावर चढलेला, घड डोक्याच्या उंचीला लोंबणारे. इथं गुडघाभर उंचीचे जाड, वेडेवाकडे खोडवे, ना तार ना मांडव, खाली नुसते गोटे. "ही येल हाय का खुरटं झुडूप?" पानांवर फवारणीचे निळसर डाग दिसले तशी त्यांनी पान उलटून बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, "बोर्डो मारलंय. म्हंजे डाऊनी हितंबी हाय." द्राक्षावरचा डाऊनी हा ओळखीचा रोग सातासमुद्रापलीकडे भेटल्याने त्यांना गावचं माणूस भेटल्याचा आनंद झाला. मग एक मणी तोंडात टाकला. बारीक, जाड सालीचा, आत बिया. चावून चावून बिया हातावर घेतल्या. तपकिरी झाल्या होत्या. "पिकलंय. पण ह्यो माल बाजारात न्हेला तर गिऱ्हाईक मारंल."

तोडणी चाललेल्या एका मळ्यात हातवाऱ्यांनी आणि माझ्या मोडक्या स्पॅनिशने संवाद झाला. मळेवाला दाजींच्याच वयाचा. दाजींना एकच गोष्ट हवी होती: एकरी माल किती. रियोहात लाल द्राक्षाला हेक्टरी ६,५०० किलोची कायदेशीर मर्यादा आहे. त्याहून जास्त पिकवलं तर त्यावर रियोहाचं नाव लावता येत नाही. मी गणित करून सांगितलं, एकरी साधारण अडीच टन. दाजी थांबले. त्यांच्याकडे एकरी दहा-बारा टन सहज निघतो, आणि त्यासाठी वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलात खरड, ऑक्टोबरात फळछाटणी, घडांची विरळणी, मणी फुगवायला जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या, द्रावणात घड बुडवणं, सगळं आलं. इथली वेल थंडीत झोपते, एकदाच उठते आणि थोडंच देते. थोडं देते म्हणून रस घट्ट येतो. दाजींनी ते ऐकून घेतलं आणि मळेवाल्याकडे बघून मला म्हणाले, "सरकार ह्याला कमी पिकीव म्हंतंय आनि ह्यो आयकतोय. इचार त्याला, कर्ज किती हाय."

विचारलं. त्याने दोन्ही हात आभाळाकडे केले. मग दोघे हसले. त्याने आम्हाला त्याच मळ्यातली वाइन दिली. त्यांच्याकडे जी 'क्रियान्सा' म्हणतात तिला निदान दोन वर्षं मुरावं लागतं, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. मी पीत होतो आणि दाजी ग्लास नाकाशी धरून वास घेत होते. वास घ्यायला माळेची हरकत नसावी. बराच वेळ घेतला. "लाकूड कळतंय," म्हणाले. आजवर मला भेटलेल्या सगळ्या वाइनच्या जाणकारांत दाजी हे एकमेव, ज्यांनी एक थेंबही घेतला नाही, आणि ज्यांचं बोलणं मला खरं वाटतं.

लोग्रोन्योत आम्ही नेमके सान मातेओच्या दिवसांत पोचलो. २१ सप्टेंबरच्या सुमाराचा हा सुगीचा उत्सव. गावाच्या मध्यावरच्या बागेत, एस्पोलोनवर, पारंपरिक कपडे घातलेले लोक लाकडी टबात उतरून द्राक्षं पायाने तुडवतात. पहिला रस निघतो तो कुणी पीत नाही. तो वाल्वानेराच्या देवीला जातो, ती रियोहाची कुलस्वामिनी. मातीच्या भांड्यातून तो गढूळ जांभळा रस तिच्यापुढे नेताना गर्दी एकदम गप्प झाली. मला आषाढातली आमच्या त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, यात्रा दिसायला लागली. पंचगंगेला नवं पाणी आलं की ते कलशात भरून, पी-ढबाक वाद्यांच्या तालावर टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं आणि देवीच्या पायऱ्यांवर ओतायचं. त्यानंतर घराघरात मटण शिजतं. आधी देवीला नवं पाणी, मग आपली जेवणावळ. ज्या गावात आषाढातली जत्रा रश्श्याशिवाय पुरी होत नाही, त्या गावाने 'देवाच्या वाटेवर वाइन?' म्हणून मला टोकावं, हे मला जरा जास्तच वाटतं. दाजी मात्र माझ्या ह्या तुलनेवर खूश नव्हते. "ते तुमचं कोल्हापूरचं," म्हणाले, आणि देवीला हात जोडले.

पुढचं भराभर गेलं. सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये जिवंत कोंबडा-कोंबडी पिंजऱ्यात ठेवतात, ते बघितलं. मग रेल्वे. लेओननंतर डोंगर. बिएर्सोच्या खोऱ्यात मेंसिया नावाचं द्राक्ष, त्याची वाइन पहिल्याच घोटाला करवंदासारखी जिभेला धरते. मला ती फार आवडली. तिथल्या बियाफ्रांका गावात एका छोट्या चर्चला क्षमेचा दरवाजा आहे. आजारी पडलेल्या, पुढे चालू न शकणाऱ्या यात्रेकरूला तिथंच सांतियागोचं पुण्य मिळायचं. खरंखोटं देव जाणे, पण यात्रेच्या नियमात अशी पळवाट ठेवणारी माणसं शहाणी असली पाहिजेत.

ओ सेब्रेइरोची चढण गायमुखाच्या कित्येक पट आहे. वर धुकं, दगडी घरं आणि जुनं चर्च. तिथल्या चमत्काराची गोष्ट अशी: हिवाळ्यात बर्फ तुडवत एक गरीब शेतकरी प्रार्थनेला वर आला. प्रार्थना चालवणारा पाद्री मनात म्हणाला, एवढ्याशा पाव-वाइनसाठी हा एवढं चढून आला? त्याच क्षणी पावाचं मांस झालं आणि प्याल्यातल्या वाइनचं रक्त. तो प्याला अजून तिथं ठेवलेला आहे. गोष्ट सांगून झाल्यावर मला वाटलं, रक्त-मांस ऐकून दाजी नाक मुरडतील. ते डोळे मिटून बसले होते. "शेतकऱ्यासाठी झालं न्हवं ते? मग बराबर हाय. जनीसंगं दळाय बसतोय, त्यो हितंबी आला आसंल." वाटेवरचे पिवळे बाण रंगवायला १९८०च्या दशकात ज्यांनी सुरुवात केली ते एलियास वालिन्या ह्याच चर्चचे पाद्री.

गालिसियात पाऊस. रिबेइरोची पांढरी वाइन तिथं चिनीमातीच्या पांढऱ्या वाटीतून पितात, दोन्ही हातांनी धरून. पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या तळून, मीठ टाकून मिळाल्या. त्यातली एखादीच तिखट निघते आणि ती कुणाच्या वाट्याला येईल ह्याची सगळ्या टेबलाला धास्ती. दाजींनी ती शोधण्यासाठी ताट संपवलं आणि निराश झाले. सांतियागोला पोचलो, समाधी बघितली, प्रमाणपत्र घेतलं. सगळा वेळ दाजींचं लक्ष फोनवर, कारण घरी मुलगा फळछाटणी उरकून डोळे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावत होता आणि ऐन वेळी पाऊस पडला होता.

परत आल्यावर मला सगळ्यात जास्त खुपली ती एक साधी गोष्ट. रियोहात मळेवाला स्वतःच्या द्राक्षाची वाइन स्वतःच्या टेबलावर, भाजी-पावाबरोबर, बायको-मुलांसमोर पितो. आपल्याकडे २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिकला विंचूर आणि सांगलीत पलूस इथं वाइन पार्क काढले. पलूस आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पण त्या भागातल्या किती शेतकऱ्यांच्या घरात वाइनची बाटली जेवणाच्या पंगतीत उघडपणे आली असेल? २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं मंत्रिमंडळाने ठरवलं. एकीकडून 'वाइन म्हणजे दारू नव्हे', दुसरीकडून 'महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होणार', अशी जुंपली आणि ते तिथंच अडलं. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटल्या. वाइन ही दारूच आहे, उगाच तिला सोवळं नेसवू नये. पण घात करते ती पिण्याची आपली रीत. काळ्या पिशवीतली बाटली, उपाशी पोट, भिंतीकडे तोंड, आणि संपेस्तोवर उठायचं नाही. ज्या गावात बायकांनी रांगा लावून आडव्या बाटलीला मत दिलं आणि दुकान बंद पाडलं, त्या बायकांना मी रियोहाच्या गोष्टी सांगायला जाणार नाही. त्यांनी जे बघितलंय ते मी त्या वाटेवर कुठंच बघितलं नाही.

मध्यंतरी दाजींचा फोन आला. बेदाण्याचा दर पडला होता. आडूनआडून विचारत होते, वाइनची द्राक्षं लावली तर घेतं कोण, करार कसा असतो, अर्धा एकर करून बघावं का. मी सांगितलं, आधी वायनरीशी करार पाहिजे, नाहीतर तो बियांचा बारीक माल खाणार कोण? मागून अक्काचा आवाज आला, "गळ्यात माळ आनि रानात दारूची द्राक्षं! आषाढीला इठोबानं इचारलं तर काय सांगनार हाय तुम्ही?"

"त्यो ते इचारनार न्हाई," दाजी तिकडे तोंड करून म्हणाले. "एकरी किती बसलं, एवढंच इचारंल." आणि मग मला, "पाव्हनं, अडीच टनाला दर काय धरायचा ते सांग. हितंच गाडी आडकलीया."